रेसिंग चाकावर स्पीडोमीटर: काटा थरथरतो, केबल तुटते, आकडा चुकतो

रेसच्या गाडीवर स्वाराला इंजिनाचे फेरे कळले की पुरतं. म्हणून मॅन्क्स नॉर्टन किंवा मॅचलेस जी५० सारख्या गाडीवर समोर रेव्ह काउंटर असतो आणि चाकाच्या हबवर (मधल्या भागावर) मीटर फिरवायची कसलीही सोय नसते. असं चाक रस्त्यावरच्या गाडीत घातलं, उदाहरणार्थ नॉर्टनच्या फेदरबेड फ्रेममध्ये ट्रायम्फचं इंजिन बसवलेल्या ट्रायटनमध्ये, की मीटर लागतोच. ब्रिटनमध्ये १ ऑक्टोबर १९३७ पासून वापरात आलेल्या गाडीला तो सक्तीचा आहे. आपल्याकडे केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मध्येही त्याची सक्ती आहे. राजदूत ३५० किंवा बुलेटला दोन्ही बाजूंनी ब्रेक असलेला रेसिंग ड्रम घातला तरी अडचण हीच येते.

मग एका गाडीचा ड्राइव्ह (चाकाबरोबर फिरून केबलला फिरवणारी गिअरची डबी), दुसरीची केबल आणि तिसरीचा मीटर असं जमवून काम भागवलं जातं. बिघडलं की पहिला संशय मीटरवर येतो आणि मीटर दुरुस्तीला जातो. तो तिकडून ठणठणीत होऊन आला तरी काटा पुन्हा थरथरतो, कारण दोष बहुतेक वेळा मीटरमध्ये नसून हे तीन भाग जिथे एकमेकांना भेटतात तिथे असतो. खालचा क्रम त्यामुळेच मीटरपासून लांब सुरू होतो.

लक्षणं

- काटा हलत नाही, अंतराचे आकडेही फिरत नाहीत.
- काटा शून्याच्या खुंटीवर मागच्या बाजूने दाबून बसतो.
- काटा झोके घेतो किंवा थरथरतो, विशेषतः कमी वेगात.
- नवी केबल थोड्याच दिवसांत तुटते, आणि पुन्हा तुटते.
- आकडा स्थिर आहे, पण सगळ्याच वेगांना सारख्या प्रमाणात चुकीचा आहे.
- चाक हाताने फिरवलं की ड्राइव्हजवळ खरखर लागते, थोडं चालवल्यावर ड्राइव्ह गरम होतो.
- डिजिटल मीटर मधेच शून्य दाखवतो किंवा अचानक अशक्य वेग दाखवतो.

एक गोष्ट दोषात धरू नका. स्मिथ्स या ब्रिटिश कंपनीचा जुना क्रोनोमेट्रिक मीटर घड्याळासारख्या यंत्रणेवर चालतो. तो ठरावीक क्षणांनी फेरे मोजतो आणि काटा टप्प्याटप्प्याने सरकवतो. वेग वाढताना काटा उड्या मारत चढला तर तो नीट चालला आहे. हे न समजल्यामुळे चांगले मीटर उगाच उघडले जातात.

आधी केबल: पैसे लागत नाहीत

मीटरच्या बाजूचा नट हाताने सोडवा, केबल बाहेर काढा आणि आतली तार ओढून पाहा. तुटली असेल तर कुठे तुटली हे नीट बघा. निम्मं निदान तिथेच होतं. खालच्या टोकाशी पिळवटून तुटली असेल तर आधी ड्राइव्हकडे बघा. वरच्या टोकाशी तुटली असेल तर मीटर जड फिरतो आहे का ते बघा. मधेच तुटली असेल तर तिथे केबलला आवळ बाक आहे. हे न बघता नवी केबल टाकली तर तीही त्याच जागी जाते.

तार धड असेल तर दोन्ही टोकांचे चौकोनी भाग पाहा. कोपरे गोल झाले असतील तर तार कधी पकडते, कधी निसटते आणि काटा त्याप्रमाणे नाचतो. बाहेरच्या नळीतून तार किती बाहेर येते हेही मोजा. स्मिथ्सच्या मीटरला मीटरच्या टोकाशी साधारण १० मि.मी. तार बाहेर दिसायला हवी. कमी असेल तर ती मीटरमध्ये पुरेशी शिरत नाही. जास्त असेल तर नट आवळताना तार मीटरच्या आत दाबली जाते आणि तिथलं बुश झिजवते. दुसऱ्या गाडीची केबल "जवळपास बसते" म्हणून वापरली की हा दोष हमखास येतो.

आता दोन्ही टोकं मोकळी ठेवून तार बोटांनी फिरवा. ती सगळीकडे सारखी सैल फिरली पाहिजे. एका जागी अडून मग झटक्याने सुटत असेल तर काटाही तसाच झटक्याने हलणार. चुंबकी मीटरमध्ये काट्याला गिअर जोडलेला नसतो. फिरणारं चुंबक अ‍ॅल्युमिनियमच्या वाटीला ओढतं आणि त्या ओढीने काटा चढतो. त्यामुळे तारेतला प्रत्येक झटका सरळ काट्यावर उमटतो.

बाकाचा हिशेब असा: कुठेही १५० मि.मी. पेक्षा लहान त्रिज्येचा बाक नको, आणि दोन्ही टोकांपासून पहिले ५० मि.मी. केबल सरळ हवी. क्लिप-ऑन हँडल (फोर्कच्या नळ्यांना आवळलेलं बुटकं हँडल) लावलेल्या गाडीवर मीटर खाली आणि पुढे येतो, मूळ केबल लांब पडते आणि ती हेडलाइटमागे गुंडाळून ठेवली जाते. त्यापेक्षा योग्य लांबीची केबल करून घ्या. मागच्या चाकावर ड्राइव्ह असेल तर उलट चूक होते: केबल ताणून बसवली जाते आणि चेन आवळताना चाक मागे गेलं की ड्राइव्हचा नट ओढला जातो. चाक खाचेत पूर्ण मागे आणि सस्पेन्शन पूर्ण खाली, या अवस्थेत केबलला ढील आहे का ते बघूनच क्लिपा लावा.

ग्रीस थोडं लावा. तारेच्या खालच्या भागाला पातळ थर पुरे, वरचे २० सें.मी. कोरडेच ठेवा. तार फिरताना ग्रीस वर चढत जातं. ते मीटरमध्ये शिरलं तर चुंबक आणि वाटी यांच्यामध्ये चिकटतं, काटा वेगापेक्षा वर जातो किंवा खाली यायला वेळ घेतो. भरपूर ग्रीस म्हणजे भरपूर टिकाऊ, ही समजूत इथे महागात पडते.

मग मीटरची बैठक

गाडी स्टँडवर उभी करून न्यूट्रलमध्ये इंजिन सुरू करा आणि फेरे हळूहळू वाढवा. चाक थांबलेलं असताना काटा थरथरत असेल तर केबलचा दोष नाही, कंपनांचा आहे. रेसिंग ब्रॅकेट जाड पत्र्याचं आणि सरळ क्राउनला (फोर्कच्या दोन नळ्या वर जोडणाऱ्या भागाला) आवळलेलं असतं. ते रेव्ह काउंटरला चालतं, कारण त्याची बहुधा बैठकच रबरावर असते. स्पीडोमीटर त्याच ब्रॅकेटवर धातूला धातू लावून ठोकला की समांतर ट्विन इंजिनाची सगळी कंपनं त्यात जातात. रबरी बुश असलेली बैठक घाला आणि बोल्ट रबर चेपेपर्यंत आवळू नका. नळीचा नटही बोटाने आवळून वर पाव फेरी, एवढाच.

आकडा चुकतो: फेरे मोजा

सगळ्यात जास्त वेळ वाया जातो तो इथे, आणि खरं तर लागतो खडू आणि टेप.

स्मिथ्सच्या डायलवर लहान अक्षरात एक आकडा असतो, बहुतेक वेळा १६०० किंवा १०००. एक मैल अंतरात केबलचे किती फेरे व्हायला हवेत, तो हा आकडा. बहुतेक जपानी धर्तीच्या मीटरांना ताशी ६० किमीला केबलचे मिनिटाला १४०० फेरे लागतात, म्हणजे किलोमीटरला १४००.

आता चाक. टायरमध्ये रोजची हवा भरा, कुणालातरी गाडीवर बसवा, टायरवर आणि जमिनीवर खडूने खूण करा आणि चाकाचे बरोबर पाच फेरे होतील इतकी गाडी सरळ ढकला. अंतर मोजून पाचाने भागा. टायरच्या मापावरून कागदावर काढलेला परीघ यापेक्षा थोडा मोठा येतो, कारण वजनाखाली टायर बसतो. १९ इंची चाकावर ३.२५ चा टायर असेल तर साधारण २ मीटर येतील. १८ इंची चाकावर ९०/९० सारखा बुटका टायर असेल तर १.९० मीटरच्या आसपास.

मैल म्हणजे १६०९ मीटर. २ मीटरचं चाक मैलाला सुमारे ८०५ वेळा फिरतं, १.९० चं ८४७ वेळा. स्मिथ्सच्या मागच्या चाकाच्या ड्राइव्हवर बहुधा गुणोत्तर (केबलचे फेरे : चाकाचे फेरे) ठोकलेलं असतं: २:१, १९:१० किंवा १५:१२. ८०५ ला २ ने गुणा, १६१० येतात. ८४७ ला १.९ ने गुणा, १६०९. १६०० च्या डायलला दोन्ही जुळतात. ८०५ ला १५:१२ म्हणजे १.२५ ने गुणलं तर १००६ येतात, तो १००० च्या डायलचा जोडीदार.

घोळ होतो तो जोड्या फुटल्यावर. १.९० मीटरच्या चाकावर १५:१२ चा ड्राइव्ह आणि वर १६०० चा डायल असेल तर मैलाला १०५९ फेरेच जातील. गाडी ताशी ६० मैलांनी चालली असताना काटा ४० दाखवेल. उलट २:१ चा ड्राइव्ह आणि १००० चा डायल असेल तर त्याच वेगाला काटा १०० च्या पुढे जाईल. जपानी पुढच्या चाकाचे ड्राइव्ह चाकाच्या एका फेऱ्याला केबलचे साधारण २.७ फेरे देतात. १.९० मीटरच्या चाकाला किलोमीटरला १४०० फेऱ्यांसाठी तेवढेच लागतात. तोच ड्राइव्ह १६०० च्या स्मिथ्सला जोडला तर ताशी ६० मैलांना काटा ८६ च्या जवळ जातो.

तुमच्या ड्राइव्हवरचं गुणोत्तर झिजून गेलं असेल तर मोजून घ्या. केबल मीटरकडून काढा, तारेच्या टोकाला कागदाचा झेंडा चिकटवा, चाक बरोबर दहा फेरे फिरवा आणि झेंड्याचे फेरे मोजा. वीस झाले तर २:१, साडेबारा झाले तर १५:१२.

चूक पाच-सहा टक्के आणि जास्तीच्या बाजूला असेल, उदाहरणार्थ १९ ऐवजी १८ चं चाक घातल्यामुळे ६० ला ६३-६४ दिसत असेल, तर सोडून द्या. खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवणारा मीटर मात्र ठेवू नका. आजच्या आंतरराष्ट्रीय नियमात मीटरने कमी दाखवायला सूटच नाही. खरा वेग मोबाइलच्या जीपीएसवर सरळ, मोकळ्या रस्त्यावर पाहता येतो, पण मोबाइल मागे बसलेल्याने धरावा.

बीएसए गोल्ड स्टारसारख्या गाडीत मीटरचा ड्राइव्ह गिअरबॉक्समधूनच निघतो, तिथे रेसिंग चाक घातल्याने ड्राइव्हचा प्रश्न येत नाही. पण चाक, स्प्रॉकेट काहीही बदललं की आकडा बदलतो. १९ दात्यांच्या पुढच्या स्प्रॉकेटमध्ये एक दाता कमीजास्त केला की पाच टक्के फरक पडतो.

मीटरच दोषी आहे का

इथपर्यंत सगळं ठीक असेल तरच मीटर तपासा, आणि तोही न उघडता. केबलचं खालचं टोक ड्रिल मशीनमध्ये धरा. ताशी ६० मैल म्हणजे मिनिटाला एक मैल, म्हणून १६०० च्या डायलवर मिनिटाला १६०० फेरे दिले की काटा ६० वर आला पाहिजे, १००० च्या डायलवर १००० ला. ड्रिलचे फेरे स्वस्तातल्या लेझर टॅकोमीटरने मोजता येतात. अगदी हळू सुरुवात करा. काटा मागे खुंटीकडे दाबला गेला तर लगेच थांबा आणि ड्रिल उलट फिरवा. काटा इथे स्थिर आणि बरोबर असेल तर मीटर निर्दोष आहे.

गाडीवर काटा मागे दाबत असेल तर ड्राइव्ह चाकाच्या चुकीच्या बाजूला बसला आहे. डाव्या बाजूसाठी केलेला ड्राइव्ह उजवीकडे लावला की केबल उलटी फिरते. त्याच बाजूचा ड्राइव्ह मिळवा. क्रोनोमेट्रिक मीटर असेल तर "बघू चालवून" म्हणून एक किलोमीटरही नेऊ नका, आतले दाते जातात.

ड्राइव्ह आणि एक्सल: इथे पाना लागतो

चाक काढण्याआधी एक्सल नट पूर्ण आवळलेला असताना ड्राइव्हची डबी बोटाने हलवून पाहा. ती किंचित हलली पाहिजे. घट्ट पकडली गेली असेल तर तोच दोष. एक्सलचा सगळा दाब बेअरिंगच्या आतल्या रिंगेतून, ड्राइव्हमधल्या पोलादी स्लीव्हमधून आणि स्पेसरमधून फोर्क किंवा स्विंग आर्मपर्यंत जायला हवा. डबीवर दाब येताच कामा नये. स्लीव्ह डबीपेक्षा आखूड असेल तर नट आवळताच डबी चिमटली जाते, गरम होते, आतला वर्म (स्क्रूसारखा गिअर) खाल्ला जातो आणि शेवटी केबल तुटते. स्लीव्ह डबीच्या दोन्ही तोंडांपेक्षा मिळून अर्ध्या मि.मी.पर्यंत उंच असावी. ती लेथवर करून घ्यावी लागते. पातळ वॉशरांची चळत लावून भागवू नका.

नंतर ड्राइव्हच्या रिंगेचे दोन कान. ते हबमधल्या खाचांत दोन-तीन मि.मी. शिरले पाहिजेत, पण खाचेच्या तळाला टेकता कामा नयेत. टेकले तर नट आवळताना रिंग डबीच्या आतल्या भिंतीवर घासते आणि खरखर तिथून येते. खाचेत प्लॅस्टिसिनचा छोटा गोळा ठेवा, सगळं जोडून आवळा, पुन्हा सोडवा आणि गोळा किती चेपला ते मोजा. तळाशी किमान एक मि.मी. उरायला हवा.

डबीवर एक थांबा असतो. तो फोर्कवरच्या किंवा स्विंग आर्मवरच्या गाठीला अडला पाहिजे. रेसिंग फोर्कला अशी गाठ नसते, म्हणून डबी नुसती घर्षणावर सोडली जाते. ड्राइव्ह जरा जड झाला की ती चाकाबरोबर फिरते आणि केबल स्पोकमध्ये ओढली जाते. पुढच्या चाकात असं झालं तर मीटरचं राहू द्या, माणूस खाली येतो. थांबा नसेल तर गाडी बाहेर काढू नका.

ड्राइव्हची जाडी १५ ते २० मि.मी. असते. तेवढाच स्पेसर कमी करा, नाहीतर चाक मध्यरेषेवरून सरकतं. मागच्या चाकात स्प्रॉकेटची रेषाही जाते. सगळं जोडल्यावर एक्सल नटमध्ये आटे पूर्ण भरून एक-दोन आटे बाहेर दिसले पाहिजेत.

दोन्ही बाजूंनी ब्रेक असलेल्या पुढच्या ड्रमवर यांत्रिक ड्राइव्हला जागाच नाही. ब्रेक प्लेटला भोक पाडून ती करू नका. अशा चाकाला मागचा ड्राइव्ह किंवा सेन्सर, हेच दोन मार्ग.

सेन्सर लावला असेल तर

आधी अंतर मोजा. चुंबकावर चालणाऱ्या सेन्सरला सहसा दोन ते चार मि.मी. पुरतात, मीटरबरोबरच्या कागदावर असेल ते धरा. धातू ओळखणाऱ्या सेन्सरला एक-दोन मि.मी. लागतात आणि तो स्प्रॉकेटच्या पोलादी बोल्टांची डोकी मोजू शकतो. ब्रॅकेट आखूड आणि ३ मि.मी. जाड पट्टीचं करा. लांब, पातळ ब्रॅकेट कंपनाने वाकतं, अंतर कमीजास्त होतं आणि आकडा मधेच शून्यावर येतो. मीटरमध्ये एका फेऱ्याचे ठोके किती हे भरलं आहे का ते बघा: पाच बोल्ट मोजत असताना एक भरलं की वेग पाचपट दिसतो.

इंजिन सुरू असताना आकडा उड्या मारतो आणि इंजिन बंद करून उतारावर ठीक असतो, तर तो मॅग्नेटो (ठिणगीची वीज तयार करणारं यंत्र) आणि प्लगच्या वायरचा त्रास आहे. पाच किलोओहमची रेझिस्टर प्लग कॅप लावा आणि सेन्सरची वायर प्लगच्या वायरपासून लांबून न्या. बॅटरी नसलेल्या रेसिंग गाडीवर १२ व्होल्टचा मीटर थेट जोडता येत नाही. त्याला छोटी बॅटरी द्या किंवा स्वतःचा सेल असलेला मीटर निवडा.

इथे हात थांबवा

हब मॅग्नेशियमचा असेल, आणि जुने रेसिंग हब अनेकदा तसेच असतात, तर त्यात भोक पाडणं, आटे पाडणं किंवा अडॅप्टर रिंगसाठी लेथवर कापणं घरी किंवा कोपऱ्यावरच्या लेथवर करू नका. मॅग्नेशियमचा बारीक चुरा पेट घेतो आणि त्यावर पाणी टाकलं तर आग वाढते. जुन्या ओतकामात न दिसणाऱ्या भेगा असतात. काम करण्याआधी डाय पेनिट्रंट चाचणी (रंग लावून भेगा शोधणं) करून घ्यावी लागते. मॅग्नेशियममध्ये पोलादी स्क्रू ठेवला तर ओलाव्याने त्याच्याभोवतीचा धातू कुजतो, म्हणून चुंबक चिकटवायचंच तर बोल्टच्या डोक्यात चिकटवा, हबमध्ये नाही. असं काम करणारा, मॅग्नेशियम हाताळलेला यंत्रशाळावाला शोधा.

एक्सल नटला आटे पुरत नसतील, ब्रेकचा टॉर्क आर्म (ब्रेक प्लेटला फिरू न देणारी पट्टी) हलवावा लागत असेल किंवा चाक मध्यरेषेवर येत नसेल, तर ते काम चाक बांधणाऱ्या जाणकाराचं आहे.

ड्रिलच्या चाचणीत मीटर नापास झाला तर तो मीटर दुरुस्त करणाऱ्याकडे द्या. क्रोनोमेट्रिकच्या आतल्या स्प्रिंगा घड्याळाच्या मापाच्या असतात. शिवाय जुन्या डायलवरचा अंधारात चमकणारा रंग रेडियमचा असू शकतो. आता तो चमकत नसला तरी किरणोत्सार चालूच असतो. तो खरवडू नका, घासू नका, काच काढून फुंकर मारू नका. देताना डायलवरचा आकडा, तुमच्या चाकाचा मोजलेला परीघ आणि ड्राइव्हचं गुणोत्तर लिहून द्या, म्हणजे तो मीटर तुमच्या चाकाला जुळवून परत येईल.